सातवा दिवा हिरवाच होता

बसा मंडळी, बसा. बुक्का लागला, हार गळ्यात पडला, पूर्वरंग संपला. आता ज्यांना घरी जाऊन कुकर लावायचाय त्यांनी आत्ताच उठावं — मधेच उठलात तर मी नाव घेऊन विचारीन! नाही उठत कुणी? बरं.

मग एक प्रश्न विचारतो. तोंड न उघडता खोटं बोलता येतं का? — काय म्हणालात काका? येतं! बरोबर. आता त्याच्या पुढचा. जे खोटं कुणाला फसवायला नाही, कुणाचं वाईट चिंतून नाही — नुसतं चांगलं दिसावं म्हणून केलेलं आहे — ते पाप की नाही? ... का हो? इकडून आवाज नाही, तिकडून आवाज नाही! सगळे आपापल्या घरात डोकावून आलात वाटतं.

पूर्वरंगात आपण सत्याचं निरूपण केलं. ते सोपं असतं हो! सत्य बोलावं — बोलावं! कोण नको म्हणतंय? निरूपणात कुणाचं काही जळत नाही. आता आख्यान ऐका. यात राजा नाही, राक्षस नाही, शाप नाही. हे आख्यान आहे एका काचेचं! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला चहा गार झाला. आणि चहा गार होऊ देणारा माणूस मी नव्हे, हे पेटीवाले सांगतील.

ऐका. नाशिकची तांबट आळी. तिथं गंगाधरतात्या करडे नावाचे तांबट. पन्नास वर्षं तांब्यावर हातोडा! हंडे, घागरी, बंब — ठाण् ठाण् ठाण् — सकाळी आठापासून दिवस मावळेपर्यंत. त्या ठोक्यांनी तात्यांचे कान गेले. पार गेले. शेजारी बँड वाजला तरी तात्या विचारणार, 'वरात निघाली का?' आणि कल्हई करताना नवसागराचा धूर — त्यानं नाक गेलं. गुलाब नाकाशी धरा, नाहीतर फिनेलची बाटली धरा, तात्यांना दोन्ही सारखंच. डोळे मात्र घारीचे. तात्यांशी बोलायचं तर पाटीवर लिहायचं, ते वाचणार आणि तोंडानं उत्तर देणार. बायको द्वारकाबाई मात्र हातवाऱ्यांनी सगळं सांगायची. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाल्यावर बोलायला शब्द लागतातच कशाला? — हसू नका, काही घरांत तर हातवारेसुद्धा बंद झालेत!

तात्यांची एक रीत होती. घागर झाली, चकाकली, गिऱ्हाईक दारात उभं — तरी द्यायचे नाहीत. पाणी भरायचं, कोरड्या कागदावर ठेवायची, दुसऱ्या दिवशी कागद बघायचा. कागद ओला? घागर परत भट्टीपाशी. गिऱ्हाईक म्हणायचं, 'तात्या, दिसतेय की चांगली!' तात्यांना ऐकूच यायचं नाही. उत्तम सोय!

आता ज्या माणसानं जन्मात कधी न तपासलेलं भांडं दुसऱ्याच्या हातात दिलं नाही — त्याला स्वतःच्या हातात न तपासलेलं काही येईल, असं कधी वाटेल का? नाही वाटत. भला माणूस तिथंच मार खातो.

तात्यांचा एकुलता एक मुलगा हर्षद. तो पुण्यात नोकरीला. काम काय? तर पडद्यावरची बटणं काढायची. कुठलं बटण कुठं असावं, रंग कोणता असावा, बोट लावलं की काय व्हावं! हाही एक धंदा आहे मंडळी. तुमचं बोट मोबाइलवर आपोआप जातं ना, ते कुठं जावं हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. हर्षदला लहानपणापासून अंतराळयानांच्या सिनेमांचं वेड. यानात कप्तान बसलेला, पुढं काळी काच, काचेवर निळ्या-केशरी रेघा धावताहेत, आकडे पळताहेत — हा बघत बसायचा तोंड उघडं टाकून.

त्यानं आईवडिलांना नवं घर बांधून दिलं. आणि त्या घरात, स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या मधल्या भिंतीवर, तशी काच बसवली! दिवे, पंखे, पाण्याची मोटर, दाराचं कुलूप, कॅमेरे — चाळीस बटणं, सगळी त्या काचेवर. नुसतं बोट लावायचं! दोन महिने सुट्टीच्या दिवशी जागचा न हलता पोरानं ती चित्रं काढली. आईबापांसाठी हो! हौस होती, माया होती. त्याला नावं ठेवू नका एवढ्यात.

काचेच्या मधोमध एक वर्तुळ. वर्तुळावर सात दिवे. दार, खिडक्या, वीज, टाकी, मोटर, धूर आणि गॅस. सगळं ठीक असलं की हिरवे, बिघडलं की लाल. प्रत्येक दिव्यामागं एक यंत्र, ते खरंखुरं बघणार आणि दिव्याला सांगणार. सहा यंत्रं आली. सातवं, गॅसचा वास ओळखणारं — ते आलं ते भलतंच आलं! परत पाठवलं. आणि वास्तुशांत चार दिवसांवर.

हर्षदनं सहा दिव्यांचं वर्तुळ करून पाहिलं. दिसेना! एक दात पडल्यासारखं दिसायला लागलं. सिनेमातल्या यानाची काच कुठं अशी असते? दोन महिने खपून केलेलं काम, चार दिवसांत नातेवाईक येणार, आणि वर्तुळात खड्डा! मग त्यानं काय केलं?

त्यानं सातवा दिवा नुसता काढला. चित्र! मागं यंत्र नाही, तार नाही, काही नाही. हिरवा गोल. खाली अक्षरं — 'गॅस : सुरक्षित'. आणि चित्र वाटू नये म्हणून शेजारी हलणारे आकडे सोडले — शून्य दशांश दोन... शून्य दशांश तीन... पुन्हा दोन. मनचे आकडे! स्वतःशी म्हणाला, 'आधी दिसू दे. यंत्र आलं की जोडू.'

अहो, केवढं गोड वाक्य आहे हे! आधी दिसू दे, मग जोडू! यात पाप कुठं दिसतंय तुम्हाला? मलाही दिसलं नव्हतं.

वास्तुशांत झाली. गुरुजी संकल्प सांगता सांगता काचेकडे बघत राहिले आणि यजमानांचं गोत्र चुकले! हर्षदच्या आत्यानं काचेला हळदकुंकू लावलं. तात्या तर काचेपुढून हलेनात. पोरानं पाटीवर लिहून एकेक दिवा समजावला. सातव्यापाशी आला... खडू जरा थांबला... आणि त्यानं लिहिलं, 'हा गॅसचा.' एवढंच. खोटं लिहिलं का? नाही! गॅसचाच होता की दिवा!

नवं यंत्र मागवायचं राहिलं. आज करू, उद्या करू. आठ महिने गेले.

आणि या आठ महिन्यांत घरात एक गोष्ट बदलली, ती हर्षदला ठाऊकच नव्हती. पूर्वी तात्या काडी ओढायच्या आधी शेगडीची बटणं हातानं चाचपायचे. नाक नाही, कान नाही, म्हणून हातानं! एकदा नाही, दोनदा. ती सवय सुटली. आता ते काचेपुढं उभे राहायचे, सातवा दिवा बघायचे, हिरवा दिसला की काडी. रोज! देवाचा दिवा लावताना रोज त्या चित्राला विचारायचे, 'लावू ना?' आणि चित्र म्हणायचं, 'लाव!'

पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. हे जोरात सांगायचं नाही.

आता त्या दिवसाकडे येऊ. पुण्यात हर्षदच्या ऑफिसात दळवीसाहेब आले होते. मोठे बिल्डर. चारशे घरांची वसाहत बांधताहेत, त्यांना अशा चारशे काचा हव्यात. हर्षदनं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नाशिकची काच जशीच्या तशी दाखवली. 'हे माझं घर, साहेब. आत्ता, या क्षणी चालू आहे.' शेजारी स्वयंपाकघरातला कॅमेरा. सकाळचे दहा वाजलेले. सात दिवे हिरवेगार! साहेब खूश, साहेबांचे इंजिनियर खूश, हर्षदचे वरिष्ठ तर इतके खूश की बिस्किटं मागवली!

आणि नाशिकला? द्वारकाबाईंनी गॅसवर दूध ठेवलं. तात्यांना हातवाऱ्यांनी सांगितलं, 'बघा हं!' आणि शेजारणीकडे विरजण आणायला गेल्या. फोन ओट्यावरच. बायका विरजण आणायला गेल्या की पाच मिनिटांत येतात, असं कुणाला वाटत असेल त्यानं हात वर करावा! तात्यांनी दूध बघितलं. मग पूजेची फुलं निवडायला बसले. तांबटाचं ध्यान हातात — फुलांत रमले. दूध वर आलं... फसकन उतू गेलं... जाळ विझला. बटण चालूच!

पुण्यात आठ माणसं तो पडदा बघत होती. आठही शिकलेली. कुणाला दिसलं? कुणालाच नाही! सगळे सात दिव्यांकडे बघत होते. दिसलं कुणाला? चहा घेऊन आलेल्या यमुनाबाईंना! ट्रे हातात, आणि दारातच उभ्या. म्हणाल्या, "अहो साहेब... तिथं दूध उतू गेलंय. आणि खाली जाळ दिसत नाही!"

दळवीसाहेब हसले. "बाई, काळजी नको. ते बघा — गॅस सुरक्षित. दिवा हिरवा आहे!"

सगळे हसले. त्या खोलीत एकच माणूस हसला नाही. कारण त्या खोलीत एकालाच ठाऊक होतं!

मंडळी, हर्षद पडद्याकडे वळला. स्वतःच काढलेलं चित्र समोर, हिरवंगार, आकडे हलताहेत — शून्य दशांश दोन, शून्य दशांश तीन — आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते वाचता आलं. त्यानं आईला फोन लावला. तर पडद्यावर ओट्यावरचा फोनच उजळला! थरथरत सरकायला लागला. घ्यायला आई घरात नाही! ह्यानं फोन बंद केला. वडिलांना हाक? कुणाला मारता? गावचा भोंगा वाजला तरी न ऐकणारा माणूस! मग पंखा! वास बाहेर काढणारा पंखा लावू — बोट गेलं बटणाकडे —

"हात लावू नका!" यमुनाबाई ओरडल्या. ट्रे खाली आदळला. "आमच्या गल्लीत असंच झालं होतं. वास सुटलेला असताना बटण दाबलं अन् भिंत उडाली!"

खरं होतं ते! गॅस कोंडलेला असताना पंख्याचं बटण, दिव्याचं बटण — आतल्या आत ठिणगी उडते. बोट हवेत थांबलं. चाळीस बटणं हो! इथून तिथवर सगळं घर चालवणारी चाळीस बटणं! — आणि एकालाही हात लावता येईना! एवढी मोठी सत्ता जवळ असावी आणि बाप समोर असताना ती मातीमोल व्हावी!

आणि तेवढ्यात पडद्यावर तात्या उठले. सोवळं नेसलेले. फुलांची परडी देवघरात ठेवली. कोनाड्यातली काडेपेटी घेतली!

हर्षद किंचाळला, "तात्या! तात्या, नको!" पुण्यातून नाशिकला! त्याला कळत होतं की ऐकू जाणार नाही. तरी ओरडत होता. आपण ओरडलो नसतो का?

तात्या काचेसमोर आले. रोजच्यासारखे. विचारायला आले — 'लावू ना?'

आणि दिवा हिरवा!

त्या क्षणी हर्षदला आठवलं. दिवा खोटा आहे! चित्र आहे! मागं तार नाही, यंत्र नाही — म्हणजे त्याला ठिणगीही नाही! आणि ते चित्र माझ्या लॅपटॉपात आहे! अक्षरं चुकताहेत... 'हिरवा' खोडलं, 'लाल' लिहिलं. 'सुरक्षित' खोडलं, लिहिलं — 'काडी ओढू नका'. पाठवलं! पण नाशिकची काच दर दहा सेकंदांनी पुण्याकडून नवं चित्र मागवते. दहा सेकंद! तात्यांनी पेटी उघडली. काडी काढली. गुल पेटीच्या कडेला टेकवला. वर पाहिलं, हिरवा. मान हलवली...

यमुनाबाई पदर तोंडात धरून उभ्या.

...आणि दिवा लाल झाला!

तात्या थबकले. घारीचे डोळे! वाचलं. काडी पेटीवरून अशी अलगद उचलली. पेटी मिटली. दोन पावलांत ओट्यापाशी, हातानं बटण बंद. खिडक्या सताड, मागचं दार सताड. आणि सोवळ्यातच, अनवाणी, अंगणात! वाचला हो, म्हातारा वाचला!

आता तुम्ही टाळ्या वाजवणार. थांबा! त्या खोलीतही वाजल्या. हर्षदनं काय लिहिलं ते कुणी पाहिलं नव्हतं, सगळे पडद्याकडे बघत होते. दळवीसाहेब उठून म्हणाले, "वा! काय यंत्रणा आहे! चारशे नाही, पुढची वसाहतही तुमचीच!" वरिष्ठांनी पाठ थोपटली. सगळ्यांना वाटलं, काचेनं गॅस ओळखला! आणि पडद्यावर — हे ऐका — पडद्यावर तात्या परत आत आले. त्या काचेसमोर उभे राहिले. आणि बापानं त्या चित्राला हात जोडले! वाकून!

हर्षदनं पडद्याकडे पाठ केली. जगातल्या सगळ्या शिव्या एकीकडे आणि ते जोडलेले हात एकीकडे.

गप्प बसला असता तर? कुणाला कळणार होतं? संध्याकाळी यंत्र बसवलं असतं, मिटलं! अहो, तुम्ही-आम्ही तेच केलं असतं. खोटं बोलू नका देवापुढं!

तो तडक नाशिकला गेला. संध्याकाळ होती. ओसरीवर आळीतली जुनी मंडळी जमलेली आणि मधे तात्या, छाती काढून. "माझ्या पोराच्या दिव्यानं मला वाचवलं! मला वास येत नाही, पण त्याच्या दिव्याला येतो!" हर्षदनं कोपऱ्यातली पाटी घेतली. सगळ्यांसमोर. आणि लिहिलं. बोलून सांगायचं असतं तर शब्द गिळता आले असते, पुटपुटता आलं असतं. पाटीवर पुटपुटता येत नाही! मोठ्या अक्षरांत लिहावं लागलं — 'दिवा खोटा होता. नुसतं चित्र.'

तात्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

तात्या म्हणाले, "मग आज लाल झाला तो?"

पाटी पुसली, लिहिलं, 'मी केला. पुण्याहून बघत होतो.'

"कधीपासून खोटा?"

'पहिल्या दिवसापासून.'

तात्यांना राग आला असता तर बरं झालं असतं! राग नाही आला. त्यांचा चेहरा घाबरला. काडी हातात असताना जो घाबरला नव्हता, तो आता घाबरला. ते बोटं मोजायला लागले, महिने मोजले. आणि म्हणाले,

"आज तू बघत होतास म्हणून मी आहे. पण हर्षद... आठ महिने रोज मी याला विचारून काडी ओढली. तेव्हा कोण बघत होतं रे?"

मंडळी! तेव्हा कोण बघत होतं?

देव! — बरोबर म्हणालात आजी, देवच बघत होता. दुसरं कोण बघणार? पण मला सांगा, आठ महिने देवाला शेगडीपाशी राखणीला बसवायचं, कारण आपल्याला वर्तुळ गोल दिसायला हवं होतं — ही भक्ती का? त्याला काय दुसरी कामं नाहीत? माझीच एक ओवी आहे, चुकली तर शिव्या मला द्या —

दिवा दिसे परी, आत नाही वात ।
त्याच्या भरवशाने, कोण घाली हात? ॥

दुसऱ्या दिवशी हर्षदनं दळवीसाहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते काय म्हणाले ठाऊक आहे? "अहो, मग बिघडलं कुठं? दिसतोय किती छान! चारशे घरांत असाच देऊ, यंत्रं मागाहून बसवू. लोकांना हिरवंच बघायला आवडतं!" चारशे घरं हो! माझ्या अंगावर काटा आला हे ऐकून. हर्षदनं ते काम सोडलं. नोकरीतही त्याचं फार बरं चाललंय असं नाही. पण त्या घरातल्या काचेवर आज सातवा दिवा खरा आहे, आणि तात्या तरीही बटणं हातानं चाचपतात. एकदा नाही, दोनदा!

आणि तुम्ही? तुमच्याकडे काच नाही, म्हणून सुटलात का? आई फोनवर विचारते, 'बरं आहे ना रे?' आपण म्हणतो, 'मजेत!' हिरवा! डॉक्टर विचारतो, 'गोळ्या वेळेवर?' 'हो, हो!' हिरवा! नवरा-बायको पाहुण्यांपुढं हसताहेत — हिरवा, हिरवा! आणि कुणीतरी भाबडा जीव तो दिवा बघून काडी ओढतोय.

आता मी एक सांगणार आहे, ते कुणाला लागेल. लागू दे.

तो उजवीकडचा दुसरा खांब बघा. त्याला लाल नळकांडं टांगलंय, आग विझवायचं. त्याच्यावर झेंडूची माळ घातलीय, फार शोभा आली! मघाशी तुम्ही चहा घेत होता तेव्हा मी ते उचलून पाहिलं. हलकं! काटा बघितला, शून्यावर! चिठ्ठी वाचली, सहा वर्षांपूर्वीची! वर कापडी मंडप. खाली तीनशे माणसं. लेकुरवाळ्या पुढं बसल्यात. माइकच्या वायरी जोडावर जोड देऊन ओढल्यात. आणि समया तेवताहेत!

अध्यक्षसाहेब, मान खाली घालू नका. मी रागावलो नाही, मी हादरलोय! सहा वर्षं मीच या खांबाशेजारी उभा राहून सत्यावर बोलतोय, आणि आज पहिल्यांदा ते उचलून पाहिलं! पुण्यातली ती आठ माणसं आणि मी, काय फरक?

हे आख्यान देवाच्या पायाशी ठेवलं. तबक तयार आहे, कापूर ठेवलेला आहे. पण आज तो पेटणार नाही, अजून नाही! मागच्या रांगेतले दहाजण उठा. विहिरीवर बादल्या आहेत, भरून प्रत्येक खांबापाशी दोन-दोन ठेवा. बांधकामाची वाळू पडलीय ती घमेल्यांतून आणा. पुढच्या बायकांनो, पोरं घेऊन दाराकडे सरका. पेटीवाले, सूर धरून ठेवा. देवाला घाई नाही. आपण थांबू.